काम घरी आलं, त्यानंतर
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी एमबीएच्या मुलांना शिकवतो, म्हणून कमिटीने मला 'कोरोना आणि काम' हा विषय दिला.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि आपल्या बेडरूमची ऑफिसं झाली. त्या काळात हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी परदेशांतल्या १६ महानगरांतील ३१ लाखांहून अधिक लोकांच्या ई-मेल आणि मीटिंगच्या नोंदी तपासल्या. मीटिंगा छोट्या झाल्या, पण वाढल्या. कामाचा दिवस सरासरी ४८ मिनिटांनी लांबला.

पुढे स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एका चिनी कंपनीतले १,६०० हून जास्त कर्मचारी अभ्यासले. आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले, कामगिरीही घसरली नाही. म्हणजे मर्यादा ठरवली, तर सोय खरोखर सोयीची होते.

पण हे सगळे आकडे लॅपटॉपवाल्यांचे. वॉचमन, सफाई कामगार, स्वयंपाकाच्या मावशी यांना 'घरून काम' कुठलं? वॉचमन गेटवर उभे राहिले, मावशींना गेटबाहेर थांबवलं. त्यांचा पगार कुणी दिला, कुणी नाही. ज्याच्या-त्याच्या मनावर!

म्हणून विनंती एवढीच: सोसायटीच्या निर्णयामुळे ज्यांची रोजी थांबते, त्यांच्यासाठी राखीव निधीचा विषय येत्या वार्षिक सभेत घ्यावा. पंचवीस वर्षांच्या सोसायटीला हे जड नाही.