सात दिवसांची सवड

आमच्यात मयताला दफनापूर्वी गुस्ल देतात, म्हणजे अंघोळ घालतात. बहुतेक घरचीच माणसे घालतात. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात बहुसंख्य लोक मुसलमान. तिथेही हीच रीत. २०१४ साली इबोलाची साथ पसरली, तेव्हा या शेवटच्या अंघोळीतूनही रोग घरोघर गेला, कारण मृताच्या अंगावर विषाणू टिकून राहतो. पुढे पाण्याऐवजी कोरड्या तयम्मुमवर भागवायचे ठरले.

पण ज्यांचा हात आधीच लागला होता, त्यांचे काय? एरवी लस म्हणजे पुढच्या वर्षांची तजवीज. इथे हिशोब दिवसांचा होता.

अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या हॅमिल्टन गावी रॉकी माउंटन प्रयोगशाळा आहे. तिथे माकाक माकडांना, म्हणजे आपल्या लाल तोंडाच्या माकडाच्या भाऊबंदांना, लसीचा एकच डोस दिला. काहींना २८ दिवस आधी, काहींना ७, काहींना अवघे ३. मग सगळ्यांना इबोलाचा विषाणू टोचला. निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. सात किंवा अधिक दिवस मिळालेली सगळी वाचली. तीनच दिवस मिळालेल्या तिघांपैकी दोन वाचली. बिनलशीची मेली. त्या मुक्या जिवांना कुणी विचारले नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

लस मोठी गमतीची. गुरांच्या तोंडाला फोड आणणारा एक विषाणू घेतला, त्याचे वरचे प्रथिन काढले आणि इबोलाचे चढवले. वाघाचे कातडे पांघरलेला बैलच म्हणा ना! पण तो जिवंत असल्यामुळे शरीर लगेच जागे होते. इबोलाला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. तोवर जन्मजात प्रतिकारशक्ती किल्ला लढवत असावी, असे संशोधकांना वाटते.

त्याच वर्षी मार्चमध्ये गिनीत चाचणी सुरू झाली. रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातल्या माणसांचे कडे करायचे. चिठ्ठी निघेल तसे काही कड्यांना लगेच लस, काहींना २१ दिवसांनी. पहिल्या नऊ दिवसांत दोन्हीकडे माणसे आजारी पडली. दहाव्या दिवसानंतर मात्र लगेच लस टोचून घेतलेल्यांत एकही नवा रुग्ण निघाला नाही. जुलैअखेर चिठ्ठ्या बंद झाल्या आणि पुढच्या कड्यांना थांबावे लागले नाही.