जुन्या मातीची ओंजळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांचा आढावा आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी घेतला आहे. आम्ही मात्र आज एका झाडाविषयी बोलणार आहोत. विषय समारंभास विजोड वाटेल. तरी आपण थोडा धीर धरावा, ही विनंती.

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल तलकाडला गेली होती. म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, कावेरीकाठी वसलेले हे गाव एके काळी गंग राजांची राजधानी होते. पुढे तेथे चोळ आले. चोळांना हटवून होयसळ विष्णुवर्धन आला आणि त्याने कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. एवढ्या वैभवावर पुढे वाळूचे ढीग चढले. राणी अलमेलम्मेच्या शापाने तलकाडची वाळू झाली, असे लोक सांगतात. नदीवर बांधलेल्या जुन्या बंधाऱ्यामुळे पात्रातील वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती गावावर लोटली, असे काही अभ्यासक मानतात. कारण कोणतेही असो, आज तेथे वाळू तुडवीत जावे लागते आणि उकरून काढलेल्या देवळांत दर्शनासाठी खाली उतरावे लागते.

त्या वाळूत निलगिरीबरोबर सुरूची झाडे आहेत. वाऱ्याने ती सुसाटू लागली, तशा आमच्याबरोबरच्या गुहागरकडील एक वृद्ध भगिनी जागीच थांबल्या. “अगो बाई, हा तर आमच्या घरामागचा आवाज!” एवढेच त्या बोलल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. आम्हांसही गहिवरून आले. नंतर मनात आले, की सुरू तरी कोकणचा कोठे आहे? आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचा हा वृक्ष आपल्या पश्चिम किनाऱ्यावर माणसांनी आणून लावला. ज्याच्या आवाजाने आम्हांस घर आठवले, तोही कधी काळी परगावाहून आलेला होता!

त्याच दिवशी सायंकाळी म्हैसूरमध्ये बोन्साय वृक्षांचे एक प्रदर्शन व विक्री होती. म्हैसूरला हा छंद नवा नाही. तेथील गणपती सच्चिदानंद आश्रमातील बोन्साय उद्यान अनेकांनी पाहिले असेल. प्रदर्शनात वड, पिंपळ, चिंच, बोगनवेल असे ओळखीचे चेहरे पुष्कळ होते. परंतु आमचे पाय खिळले ते एका कोपऱ्यातील जपानी काळ्या पाइनपाशी. जपानी लोक त्यास ‘कुरोमात्सु’ म्हणतात. उंची जेमतेम दीड हात; परंतु खोडाची साल भेगाळलेली, जणू एखाद्या वृद्ध शेतकऱ्याची टाच. मुळे मातीवर घट्ट पसरलेली. गर्द हिरव्या, टोकदार सुया दोन-दोनच्या जोडीने आलेल्या. त्या गळतानाही जोडीनेच गळतात. फांद्यांच्या टोकांशी रुपेरी कळ्या. किमतीची चिठ्ठी आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि खरेदीचा विचार तेथेच सोडला. पाहण्यास मात्र मोल पडत नव्हते.

हा वृक्षही मूळचा समुद्रकाठचा. जपानमध्ये करात्सु येथे सतराव्या शतकात वारा आणि वाळू अडविण्यासाठी लावलेले काळ्या पाइनचे बन सुमारे साडेचार किलोमीटर पसरलेले आहे. सकाळी तलकाडला पाहिलेले सुरूचे काम तिकडे हा पाइन करतो. योगायोग असा, की प्रदर्शनात त्याच्या शेजारीच सुरूचा बोन्साय मांडला होता. बारीक हिरव्या डहाळ्यांमुळे तोही पाइनसारखाच दिसत होता.

विक्रेते गृहस्थ जाणकार होते. ते म्हणाले, झाड उपाशी ठेवून लहान राहते, हा गैरसमज आहे. उन्हाळ्याच्या आरंभी पाइनचे मेणबत्तीसारखे नवे कोंब खुडतात. मग दुसऱ्यांदा येणाऱ्या सुया आखूड राहतात. फांदीस वळण देणारी तार वेळेवर काढावी लागते, नाही तर ती सालीत रुतते. काही वर्षांनी झाड कुंडीबाहेर काढून मुळे छाटतात आणि नवी माती घालतात. “पण पाइनची सगळी जुनी माती कधी धुऊन काढू नये,” ते म्हणाले. “तिच्यात एक पांढरी बुरशी असते. मुळांना तिचाच आधार.”

हे ऐकून आम्ही उभयता एकमेकांकडे पाहू लागलो. काही वर्षांपूर्वी अशाच एका विक्रीतून आम्ही पाइनचे लहानसे रोप आणले होते. त्यास उत्तम माती द्यावी, या हौसेने नळाखाली धरून त्याची मुळे स्वच्छ धुतली होती! त्यानंतर कित्येक आठवडे ते हिरवेगार दिसत होते. घरी येणाऱ्या पाहुण्यांस आम्ही ते कौतुकाने दाखवीत होतो. एके दिवशी ते तांबूस पडू लागले. मग कळले, की पाइन मुळाशी मेला तरी बराच काळ हिरवा दिसतो. आम्ही पाहुण्यांस दाखवीत होतो ते मेलेले झाड होते.

मित्रहो, ही आठवण आज सांगण्याचे कारण आहे. आपल्या गणेशोत्सवास मांडव पुरत नाही. ही स्मरणिकाही सुरेख निघत आहे. परंतु आपला मुलांचा मराठी वर्ग दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांअभावी बंद पडला, हेही खरे. घरी नातवंडे आम्हांस दुसऱ्या भाषेत उत्तर देतात आणि आम्हीही सोयीसाठी तीच भाषा बोलतो. आमच्या घरीही असेच चालते; म्हणून हा दोष दुसऱ्या कोणाच्या पदरी घालावा, असा आमचा हेतू नाही. मुलांनी येथली भाषा, येथले मित्र, येथले सण आपले मानावेत. ती नवी माती त्यांस हवीच. आमच्या बालपणीचे अभ्यासक्रम त्यांच्यावर तारेसारखे आवळू नयेत. परंतु मुळाशी ओंजळभर जुनी माती राहू द्यावी. ती घरात बोलली जाणारी मराठी आहे, असे आम्हांस वाटते.

म्हणून कार्यकारिणीस विनंती, की सुवर्णमहोत्सवाच्या शिलकीतून तो वर्ग पुन्हा सुरू करावा. चार मुले आली तरी चालेल. शिकविण्यास आम्ही उभयता रविवारी येऊ.

त्या सायंकाळी आम्ही पाइन घेतला नाही. सुरूचे एक रोप घेतले. ते आमच्या सज्जात आहे. पुढच्या वर्षी त्याची माती बदलू, तेव्हा थोडी जुनी राखून ठेवू.