घर क्रमांक आणि संगणकाचे उत्तर



आपली काही मुले आता 'सी' ही संगणकाची भाषा शिकतात. डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केली. तिच्यातील एकाच सवयीविषयी आज बोलतो. पालकांनी कंटाळू नये. विषय तुमच्या दारावरच्या पाटीचाच आहे.

शहागंज, नवाबपुरा अशा आपल्या जुन्या वस्त्यांत घर क्रमांक तीन भागांत असतो. समजा, तो ५-१२-३४ आहे. त्यातून तीन आकडे वेगळे काढायला विद्यार्थी 'एसस्कॅनएफ' हे फंक्शन वापरतात. ते आकडे खणांत भरते आणि किती खण भरले, तेही परत सांगते. तीन मागितले, तर उत्तर तीन यायला हवे. कोणी ५/१२/३४ असे लिहिले, तर पहिला आकडा भरून ते थांबते. उत्तर येते एक. उरलेल्या दोन खणांत आधीचेच आकडे राहतात, कदाचित यादीतल्या वरच्या घराचे! उत्तर न पाहणाऱ्याच्या यादीत मग दुसऱ्याचा पत्ता तुमच्या मुलाच्या नावापुढे बसतो. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी घरापासून शाळेचे अंतर पाहतात, हे पालकांना सांगायला नको.

'एटूआय' हे फंक्शन तर मी मुलांना वापरूच देत नाही. त्याला 'नवाबपुरा' असे दिले तरी ते मुकाट्याने शून्य देते. मग खरे शून्य कोणते आणि चुकीचे कोणते, हे कसे ओळखणार? मराठी आकडे दिले तरी तेच. त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात. (येथे मराठीत छापले आहेत ते वाचकांसाठी.) एसस्कॅनएफही अशा वेळी शून्य परत देते, पण त्याचा अर्थ 'एकही खण भरला नाही' असा असतो. ती तक्रार असते, घर क्रमांक नव्हे.

मात्र तीन आले म्हणून निर्धास्त होऊ नका. नमुन्यात मधल्या रेघा लिहायच्या राहिल्या, तर तीच रेघ वजाचे चिन्ह ठरते: ५, उणे १२, उणे ३४. उत्तर तरीही तीनच! ५-१२-३४/अ मधला 'अ' तर गुपचूप गळतो. म्हणून वाचन कोठे थांबले तेही पाहावे. 'एसटीआरटीओएल' हे फंक्शन ती जागा दाखवते. दहा अंकी मोबाइल नंबराचे निराळे आहे. साध्या पूर्णांकाच्या खणात बहुधा २१४७४८३६४७ पर्यंतच मावते, आणि आपले नंबर त्याहून मोठे. त्यांची बेरीज कोणाला करायची आहे? ते अक्षरांच्या ओळीतच ठेवा.

विद्यार्थी मित्रहो, उत्तर जुळले नाही तर अंदाजाने आकडा भरू नका. ती मूळ ओळ, तिच्या अनुक्रमांकासह, वेगळ्या यादीत छापा आणि त्या घरी जाऊन पाटी पाहून या.