सोन्याचे निशाण

काशीस अहिल्याबाईंनी बांधविलेल्या घाटावर उभे राहिले, की होळकरांचे औदार्य दिसते. याच घराण्याच्या लष्करामागून पेंढाऱ्यांच्या टोळ्याही चालत, हे मात्र आपण सहसा आठवीत नाही. त्यांना ‘होळकरशाही’ पेंढारी म्हणत. मराठ्यांच्या मुलखात माणशी रोज सुमारे ४ आणे भत्ता. शत्रूच्या मुलखात भत्ता बंद, लुटीची मोकळीक, आणि लुटीत धन्याचाही वाटा! थोरल्या मल्हाररावांनी गर्दीखान या म्होरक्यास सोन्याचे निशाण दिले. त्यामुळे त्याची पत वाढली. तरी पेंढारी नायकाला धन्यासमोर बसण्याची मुभा नसे, असे माल्कम नोंदवितो. त्यांची छावणीही वेगळी पडे. लूट हवी, लुटारू दूर हवा.

भिल्लांच्या बाबतीत अहिल्याबाईंनी निराळी वाट धरली. प्रवाशांकडून ठरीव ‘भिलकवडी’ घेण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आणि वाटांची राखणही त्यांच्याच गळ्यात घातली. हे शहाणपण पेंढाऱ्यांच्या वाट्यास आले नाही. १७९५ साली बाई गेल्या. पुढे धनी दुबळे आणि टोळ्या शिरजोर झाल्या. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्या मोडल्या. चितू १८१९ साली वाघाच्या तोंडी पडला. करीमखान शरण आला. त्याला इंग्रजांनी जमीन दिली, ती काशीच्या उत्तरेस, गोरखपुराकडे.