दमलेला हात आणि दर्यावरचे इंजिन



रायगडच्या किनाऱ्यावर करंजा, रेवस, मुरूड, जीवना येथील यांत्रिक नौका पावसाळी मासेमारी बंदीत विसावतात. बंदी उठण्याचा दिवस जवळ आला की इंजिन सुधारणाऱ्या मिस्त्रीची उसंत संपते. एकामागून एक नौका, रात्रीची जाग्रणे, अर्धपोटी काम आणि झोप लोटण्यासाठी चहा-तंबाखू, असा त्याचा दिनक्रम होतो. त्याने आवळलेल्या नटबोल्टांच्या भरवशावर तांडेल व खलाशी खोल समुद्रात जातात.

थकवा म्हणजे आळस नव्हे. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हाताची अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी घसरते, असे डॉसन व रीड यांनी १९९७ मध्ये दाखविले. चहाने डोळे उघडे राहतात. झोपेची तूट भरून निघत नाही.

सवयींचा वाटाही लहान नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची वैमानिकासमोरील काच उड्डाणानंतर निखळली. अर्धा बाहेर खेचला गेलेला वैमानिक सहकाऱ्यांनी धरून ठेवल्यामुळे बचावला. काचेच्या ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास कमी होता, असे चौकशीत आढळले. ती रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास बसविली गेली होती. बोल्ट पुस्तिका न पाहता जुन्या बोल्टाशी नजरेने जुळवून घेतले होते. जवळचे बारीक पाहण्याचा चष्माही लावला नव्हता. काम करणारा नवशिका नव्हता. अनुभवाच्या विश्वासानेच पडताळणी राहून गेली.

कारखाना अधिनियम, १९४८ ने दिवसाला ९ तासांची कमाल मर्यादा आणि सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. उघड्या किनाऱ्यावर भोंगा वाजत नाही. तेथे ही शिस्त मच्छीमार सहकारी संस्थांनी व नौकामालकांनी स्वतः लावून घ्यावयास हवी. इंजिने जूनपासूनच पाळीपाळीने दुरुस्तीस द्यावीत. रात्री जागलेल्या मिस्त्रीचे काम सकाळी दुसऱ्याने तपासावे. ग्रामपंचायतींनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने कारागिरांची नेत्रतपासणी घडवून आणावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी पान्याबरोबरच पडताळणीची लेखी यादी हाती धरण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

किनाऱ्यावर राहून गेलेली चूक खोल समुद्रात सुधारता येत नाही. मिस्त्रीला वेळेवर मिळालेली झोप हीदेखील नौकेच्या सुरक्षिततेची सामग्री होय.