चावी कोणाच्या हाती?

(कोपरगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वार्षिक मेळावा हा गुणवंत मुलांच्या कौतुकाचा आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठींचा दिवस. अशा मंगल प्रसंगी अपघाताचा आणि मृत्यूचा विषय काढावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु ज्या मुलांचे आज आपण कौतुक करीत आहो, त्यांच्याच हिताची ही गोष्ट आहे. म्हणून ती येथेच बोलणे आम्हांस उचित वाटले.

गळिताचा हंगाम लागला की आपल्या तालुक्यात उसाने भरलेल्या गाड्या रात्रंदिवस कारखान्यांकडे धावू लागतात. नगर-मनमाड रस्त्यावर मालट्रकांची रीघ असते आणि त्याच रस्त्याच्या कडेने साईभक्तांच्या पायी पालख्या शिर्डीकडे जात असतात. ज्या घरी ट्रक आहे, त्या घरचा मुलगा आधी अंगणात गाडी मागेपुढे करतो, मग पंपापर्यंत नेतो आणि एके दिवशी ड्रायव्हर आला नाही म्हणून भरली गाडी घेऊन निघतो. ‘पोरगा हाताशी आला’ असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या क्षणी आपण कायद्याच्या कोणत्या उंबरठ्यावर उभे असतो, याची जाणीव मात्र आपणांस नसते.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या चौथ्या कलमाप्रमाणे मोटार चालविण्यास १८ वर्षे, तर ट्रकसारखे मालवाहू वाहन चालविण्यास २० वर्षे पूर्ण असावी लागतात. अठरा पूर्ण झाले म्हणजे ट्रक चालविण्यास मोकळीक मिळाली, हा समज चुकीचा आहे. वय वा परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणे, हा पाचव्या आणि १८० व्या कलमांन्वये खुद्द मालकाचा अपराध होय. मुलगा अठराच्या आतील असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ लागू होते. त्यानुसार पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि बारा महिने गाडीची नोंदणी रद्द, अशी शिक्षा सांगितली आहे. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. गाडी आपल्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर असतो.

‘विमा आहे, मग चिंता कशाची?’ असेही कोणी म्हणतील. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. स्कँडिया विमा कंपनीच्या १९८७ च्या खटल्यात ड्रायव्हर खाद्यपदार्थ आणावयास उतरला आणि चालू इंजिनाचा ट्रक त्याने क्लीनरच्या स्वाधीन केला; क्लीनरच्या हातून अपघात होऊन एकाचा जीव गेला. मालकाने परवानाधारक ड्रायव्हर नेमला होता, त्याची स्वतःची कसूर नव्हती. म्हणून भरपाईचा भार विमा कंपनीवर पडला. परंतु मालकानेच बिनपरवाना हाती चावी दिली असेल, तर? २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यातील निर्णयाप्रमाणे अशा वेळी कंपनीने मृताच्या वारसांना पैसे द्यावेत आणि मागाहून ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होऊ शकतो. तो बोजा अखेर घरावर आणि जमिनीवर येतो.

१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. निबंध लिहिण्याच्या अटीवर मुलाला मिळालेल्या जामिनाची चर्चा देशभर झाली. मात्र पुढे त्याचे वडील, आई आणि आजोबा यांनाही अटक झाली. रक्ताचे नमुने बदलल्याचा आणि दोष स्वतःवर घेण्यासाठी घरच्या ड्रायव्हरवर दबाव आणल्याचा आरोप त्या प्रकरणात ठेवला गेला. आरोपांचा निवाडा न्यायालयाकडे आहे. आपण घ्यावयाचा बोध एवढाच, की मुलाला वाचविण्यासाठी पुरावा लपविणे वा पगारी माणसाला पुढे करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आता आमच्या मनातील खरे शल्य सांगतो. अपघात झाला की समाजातील चार वजनदार माणसे मृताच्या घरी जाऊन बसतात आणि म्हणतात, ‘झाले ते झाले, आपसांत मिटवून टाका.’ दहावा-तेरावा होण्याआधीच विधवेपुढे कागद ठेवला जातो. बंधूंनो, निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे हा भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे आणि तो आपसांत मिटविता येत नाही. आपल्या बैठकीला तो अधिकारच नाही.

त्या माउलीला खरे साहाय्य करावयाचे असेल, तर तिचा हक्क तिला सांगावा. चूक कोणाची हे सिद्ध न करताही १६४ व्या कलमाप्रमाणे मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मागता येतात. मृताचे वय, मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून त्याहून अधिक भरपाईसाठी १६६ व्या कलमाखाली दावा करता येतो. हा दावा वारस राहतात तेथील मोटार अपघात न्यायाधिकरणातही दाखल होतो. कायद्याने त्यास अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. कोणता दावा करावा, हे वकिलाला विचारून ठरवावे. परंतु दुःखाच्या भरात ही मुदत निघून जाऊ देऊ नये.

ट्रकखाली सापडणारा आणि ट्रक चालविणारा, दोघेही कोणाचे तरी पुत्र असतात. उद्या ते दोघे आपल्याच समाजाच्या दोन घरांतील निघाले, तर हे मंडळ कोणाच्या दारी बसणार? आमचे उत्तर असे, की जिथे मृत्यू झाला, त्या दारी आधी बसावे आणि दुसऱ्या घराला खरे बोलण्याचे धैर्य द्यावे.

तेव्हा आमची नम्र विनंती एवढीच, की आजपासून प्रत्येक घरातील गाडीची चावी वडीलधाऱ्यांनी आपल्या ताब्यात ठेवावी. एखादे भाडे बुडाले तर बुडू द्यावे. पुढच्या फेरीला ते भरून निघेल. गेलेला जीव परत येत नाही आणि ज्या मुलाच्या हातून तो गेला, त्याची झोपही परत येत नाही.