कारखाना बंद पडला तरी राजीनामा लिहून देऊ नका
(वाडी, नागपूर येथे कामकरी मंडळींपुढे केलेले भाषण)



तुमच्यापैकी कित्येक जण हिंगण्याच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून थेट येथे आले आहेत, म्हणून मी पाल्हाळ लावीत नाही. परमुलखाचा माल स्वस्त येतो, इथला माल गुदामात पडून राहतो, आणि एके दिवशी मालक म्हणतो, उद्यापासून येऊ नका. त्या दिवशी सरकारच्या कायद्याने आपल्या पदरात काय पडते व ते कोणास मिळते, एवढेच सांगावयाचे आहे.

हे दुखणे जुने आहे. मँचेस्टरच्या कापडाने आपल्या कोष्ट्यांचे माग थंडावले, तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. अमेरिकेत मात्र परदेशी मालामुळे ज्याचे काम गेले त्याला निराळी मदत देण्याचा कायदा १९६२ साली झाला. पुढे तर तीन कामकऱ्यांनी मिळून अर्ज दिला तरी सरकार चौकशी करू लागले. त्याची मुदत वाढविली नाही, म्हणून १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणे थांबले.

आपल्याकडे असा कायदा झालाच नाही. परदेशी माल पडत्या भावाने येऊन धंदा बुडतो असे दाखविले, तर कारखानदार दिल्लीस अर्ज करून त्या मालावर जादा जकात बसवून घेऊ शकतो. मजुराला तसला अर्ज नाही. मालकाचे नुकसान कशाने झाले हे सरकार तपासते. मजुराची चूल कशाने विझली हे कोणी विचारीत नाही!

मग आपल्याला आधार कशाचा? राज्य कामगार विम्याचा. नागपुरास तो १९५४ साली आला. शंभर रुपये मजुरीमागे आपले पाऊण रुपया, म्हणजे जुन्या हिशेबाने बारा आणे कापले जातात, आणि मालक सव्वातीन रुपये घालतो. पुष्कळांना वाटते की हा विमा दवाखान्यापुरताच. तसे नाही. १ एप्रिल २००५ पासून त्यात राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडला किंवा कायद्याने छाटणी झाली, आणि वर्गणी ठरलेली वर्षे भरलेली असली, तर पहिले बारा महिने सरासरी रोजाचा अर्धा व पुढचे बारा महिने चौथा हिस्सा मिळतो. त्या मुदतीत बायकापोरांचे औषधपाणीही चालू राहते. बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ साली निराळा निधी काढला होता; तोही २०१७ साली याच योजनेत मिळविला.

आता खरी मेख ऐका. परदेशी मालाने कारखाना बुडाला की मालकाच्या उधळपट्टीने, हे ही योजना विचारीत नाही. ती एवढेच पाहते की काम गेले की तुम्ही सोडले. स्वखुशीने नोकरी सोडणारास व स्वेच्छानिवृत्ती घेणारास ही मदत नाही. शिस्तीच्या कारवाईत काढलेल्यासही नाही. म्हणूनच मालकाचा कारकून गोड बोलून सांगतो, "दादा, राजीनामा लिही, हिशेब लवकर करून देतो." त्या एका अंगठ्याने दोन वर्षांचा भत्ता जातो. शिवाय वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास छाटणीत दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो, तोही जातो. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने छाटणी झालेल्याच्या खात्यात मालकाकडून आणखी पंधरा दिवसांचा पगार जमा करण्याची तजवीज केली आहे. तिच्यावरही पाणी सोडावे लागते. तेव्हा छाटणीची नोटीस लेखी मागा. देत नसेल तर सही करू नका.

ठेकेदाराच्या हाताखालच्या मंडळींची गोष्ट याहून वाईट. कारखाना तोच, यंत्र तेच, पण नाव वहीत नाही. काहींच्या मजुरीतून पैसे कापले जातात आणि विम्याच्या कचेरीत पोचतच नाहीत. हे काम गेल्यावर कळून उपयोग काय? आजच शाखेच्या कचेरीत नंबर दाखवून वर्गणी जमा होते की नाही ते पाहा, आणि पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवा. घरच्या बाईच्या ताब्यात द्या, म्हणजे हरवणार नाहीत!

येत्या रविवारी आपण पुन्हा येथेच बसू. (गिरणीकामगारांना रविवारची सुटी मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मिळाली, ती कोणी दान दिलेली नव्हे.) ज्यांना विम्याचा नंबर नाही त्यांनी असतील त्या चिठ्ठ्या घेऊन यावे. लिहिता येणारी पोरे बरोबर आणा, म्हणजे अर्ज तेथेच लिहून होतील.